दोन बाजूंची बेरीज

मी इंग्रजी मंडईत शिकले असं सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, बाई विनोद करतायत. मग 'म्हणजे कुठला क्लास?' असा प्रश्न येतो आणि मी म्हणते, क्लास नव्हता, अढी होती. अढी म्हणजे काय हेही आता पुण्यातल्याच लोकांना समजावून सांगावं लागतं. कच्चे आंबे पिकावेत म्हणून गवताच्या थरांत मांडून ठेवतात, ती अढी. मंडईच्या मागच्या एका बोळात बागवान बाईंचं घर होतं. खालच्या खोल्यांत त्यांच्या भावांचा आंबा असायचा आणि वरच्या खोलीत बाई, त्यांची पुस्तकं आणि भावांना खाली जागा पुरली नाही की तिथेही आंबा. आमच्या हडपसरच्या मराठी शाळेत त्या गणित शिकवायच्या. दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि विचारलं, "सुट्टीत काय करणार आहेस? भाकऱ्या थापणार? त्या पुढे जन्मभर आहेतच. उद्यापासून माझ्याकडे ये. तुला इंग्रजी लागणार आहे." त्या विनंती कधी करत नसत. एखादी गोष्ट ठरलेली असल्यासारखी सांगत आणि ती ठरूनच जाई.

त्या वर्षांत पुण्यात जो उठेल तो कॉम्प्युटरबद्दल बोलत होता. भिंतींवर, विजेच्या खांबांवर, दुकानांच्या शटरवर पाट्या होत्या. कॉम्प्युटर शिका, फाडफाड इंग्रजी बोला, परदेशात जा. आमच्या मांजरीसारख्या उसाच्या गावातसुद्धा कोणाचा तरी पुतण्या अमेरिकेला गेल्याची बातमी यायची आणि आठवडाभर पुरायची. आणि त्याच वेळी आम्हा मराठी शाळेतल्या मुलांना सांगितलं जात होतं की अकरावी सायन्स म्हणजे सगळं इंग्रजीत. याचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. समद्विभुज, लघुकोन, शिरोलंब, एकरूपता हे शब्द आम्ही दहा वर्षं घासूनपुसून स्वतःचे केले होते. त्या शब्दांनीच आम्ही विचार करायला शिकलो होतो. आणि आता ते चपलांसारखे कॉलेजच्या दाराबाहेर काढून ठेवा, आत अनवाणी या, आणि आत बूट घालून आलेल्या मुलांच्या बरोबरीने पळा. हे सगळ्यांना अगदी रास्त वाटत होतं. निदान एकाने तरी म्हणावं की हे बरोबर नाही, तर तेही नाही.

आमचं घर म्हणजे मांजरीत भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रे, मागे ऊस. आबा परभणीकडून आले होते आणि हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर होते. मी मोठी, माझ्यानंतर दोघे भाऊ. सकाळी मला जाग यायची ती भाकरी थापल्याच्या आवाजाने. माय कधी उठली हे मी आयुष्यात पाहिलेलं नाही. डोळे उघडावेत तर चूल पेटलेली, पाणी भरलेलं, अंगण झाडलेलं, आणि परातीत तिचा हात फिरत असायचा. रात्री मी झोपायचे तेव्हा ती भांडी घासत असायची आणि त्या भांड्यांच्या आवाजातच मला झोप लागायची. आबा मात्र कामावरून आले की हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसत आणि जेवताना, मीठ मागावं इतक्या सहजपणे, एक वाक्य बोलत: "कमावणारा एक अन् खाणारी पाच." ते रागाने बोलत नसत. दिवसभर मशीनसमोर उभं राहून त्यांच्या पोटऱ्यांना गोळे यायचे, हे मला माहीत होतं. पण ते वाक्य रोज भाकरीबरोबर गिळावं लागायचं, हेही तितकंच खरं. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी एकच अट घातली होती. सायन्सला निभावलं तर शिक, तुला इंजिनिअर करीन. नाही निभावलं तर गावाकडे दोन स्थळं बघून ठेवलेली आहेत. ते नुसतं धाक घालत नव्हते. त्यातला एक मुलगा येऊन मला बघूनही गेला होता आणि जाताना चार लाडू जास्त खाऊन गेला होता.

तर मी मंडईत जायला लागले. बसमधून उतरून बोळात शिरलं की आधी वास यायचा, मग आवाज. पेट्यांच्या फळ्या उचकटताना खिळे करकरत, हमाल 'बाजू, बाजू' म्हणत पाटी घेऊन निघून जात आणि बाईंचे थोरले बंधू एका हाताने भाव करत दुसऱ्या हाताने आंबा चाचपत. वर पहिल्या दिवशी बाईंनी फरशीवर खडूने त्रिकोण काढला. म्हणाल्या, "याच्याबद्दल तुला जे जे माहीत आहे ते सांग." मी सुरू झाले. तीन बाजू, तीन कोन, कोनांची बेरीज, बाह्यकोन, मध्यगा एका बिंदूत मिळतात, दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त. थांबेचना. बाईंनी हात वर केला. "बास. म्हणजे तुझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्या फाडफाडवाल्यांकडे मुलांना सांगण्यासारखं काही नसतं आणि बोला बोला म्हणतात. 'हाऊ आर यू' विचारतात. तू कशी आहेस याच्याशी कोणाला काय कर्तव्य आहे? त्रिकोण कसा आहे ते सांग. इंग्रजीत."

बाई स्वतः इंग्रजी याच रस्त्याने शिकल्या होत्या. त्यांच्या तरुणपणी जुन्या बाजारातून कोणीतरी रद्दीत एक इंग्रजी भूमितीचं पुस्तक आणलं होतं. गणित येत होतं, इंग्रजी येत नव्हतं. गणिताचा हात धरून त्या भाषेत उतरल्या. तसंच त्यांनी मला उतरवलं. 'लेट एबीसी बी अ ट्रायँगल.' इथे अ ट्रायँगल, कारण अजून ओळख नाही. पुढच्या ओळीपासून द ट्रायँगल, कारण आता तोच तो, आपला. पाचवीपासून ज्या 'अ' आणि 'द' ने मला छळलं होतं त्यांचा निकाल एका दुपारी लागला. 'इफ' आणि 'देन' साठी आम्हाला वेगळा धडा लागला नाही, भूमितीत दुसरं काही नसतंच. 'ग्रेटर दॅन' आणि 'लेस दॅन' शिकवताना त्या गवतातून आंबे काढून माझ्या हातात देत आणि कोणता कोणापेक्षा मऊ, कोणता जड, कोणता सर्वांत पिकलेला हे माझ्याकडून वदवून घेत. अढी रोज चाळावी लागतेच, नाहीतर एक नासका सगळ्यांना नासवतो. म्हणून धडा आणि घरचं काम दोन्ही व्हायचं. दुपारी त्यांच्या भावजय खालून खिचडी आणि लाल चटणी पाठवत, आणि वर एक आंबा. जेवतानासुद्धा बाई विचारत, 'ऑपोझिट' कोण बसलंय, 'अ‍ॅडजसंट' कोण, आणि आपल्या दोघींत 'कॉमन' काय. मी म्हणायचे, चटणी.

मात्र एका गोष्टीत त्या फार कडक होत्या. ओळ लिहिली की पुढे कंसात कारण लिहायचं. मराठीत आम्ही पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असंच शिकलो होतो आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण द्यायचो. इंग्रजीतही तेच, फक्त शब्द बदलले, गिव्हन, टू प्रूव्ह, कन्स्ट्रक्शन, प्रूफ. "तू असं म्हणतेस, ठीक आहे. का म्हणतेस?" हा त्यांचा प्रश्न. कारण नसेल तर ती ओळ त्या खडूच्या बोटाने पुसून टाकत. सुट्टी संपेपर्यंत ही सवय माझ्या हाडात शिरली. कारणाशिवाय वाक्य लिहायला मला लाज वाटायला लागली. आज आमच्या कंपनीत मीटिंगमध्ये लोक तासभर गुळगुळीत इंग्रजी बोलतात आणि त्यात एकाही वाक्याला कारण नसतं, तेव्हा मला अजून बाईंचं ते खडू लागलेलं बोट हवंसं वाटतं.

जूनमध्ये शहरातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात मला सायन्सला प्रवेश मिळाला. मार्क चांगले होते, त्यामुळे मिळाला हे वाक्य मी मुद्दाम लिहिते, कारण तिथे आम्हाला रोज असं वागवलं जाई की जणू कोणीतरी दया करून मागच्या दाराने आत सोडलंय. मराठी माध्यमाची मुलं मागच्या बाकांवर बसत. तसा नियम नव्हता, पण तसं होत असे. आणि एक नियम नसलेला नियम आणखी होता. पहिल्या चाचणीत इंग्रजीत जो नापास होई त्याच्या पालकांना बोलावून घेत आणि 'मुलीला सायन्स झेपणार नाही, कॉमर्सला नाव बदलून घ्या' असं फार गोड शब्दांत सुचवत. आमच्या जागांसाठी बाहेर इंग्रजी शाळेतल्या मुलांची रांग उभी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला कॉमर्सला घालणं म्हणजे गावाकडच्या लाडूवाल्याच्या घरी घालणं, हे मात्र तिथे फक्त मला ठाऊक होतं.

इंग्रजीचे जे सर होते त्यांचं नाव मला पाठ आहे. इथे लिहिणार नाही. त्यांनी माझं नाव वर्षभरात एकदाही नीट उच्चारलं नाही, 'गोडावरी' म्हणायचे आणि मुलं खिदळायची. चाचणीत व्याकरणाचे प्रश्न होते, ते मी सोडवले. शेवटी मोठ्या मार्कांचा निबंध होता: माझं कुटुंब. मी प्रश्न वाचला आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच त्रिकोण नव्हता. पेन हातात धरून मी बसून राहिले. कुटुंबाबद्दल इंग्रजीत काय म्हणायचं असतं? मग मला बाईंचं आठवलं की आधी तुला काय माहीत आहे ते बघ. आणि मला एकदम कळलं की माझ्याकडे सांगण्यासारखं आहे, रोज रात्री जेवताना जे गिळते तेच. मी पट्टी घेतली आणि उत्तरपत्रिकेवर त्रिकोण काढला. एका बाजूवर लिहिलं वडिलांची पाळी. दुसरीवर आईची सकाळ, तिसरीवर आईची संध्याकाळ. मग ओळीने लिहीत गेले. माझे वडील कारखान्यात एक पाळी काम करतात, आणि पुढे कंसात, गिव्हन. आई त्यांच्या आधी उठते आणि त्यांच्यानंतर झोपते, कंसात, रोज ऐकलेलं. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते, कंसात, प्रमेय. देअरफोर, आईचं काम वडिलांच्या कामापेक्षा जास्त आहे. हेन्स प्रूव्ह्ड. शेवटची रेघ मारली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

पेपर वाटायच्या दिवशी सरांनी माझा पेपर शेवटी ठेवला. सगळ्यांचे वाटून झाले, मग त्यांनी तो दोन बोटांत धरून उंच केला. लांबूनही त्रिकोण दिसत होता. "धिस," ते म्हणाले, "इज मिस गोडावरीज फॅमिली." आणि ते वाचायला लागले. प्रत्येक कंसाशी थांबून, भुवया उडवून. वर्गात हशा पिकला. पुढच्या बाकांवरची मुलं डोकं टेकवून हसत होती. देअरफोरसाठी मी तीन टिंबं दिली होती, ती दाखवून म्हणाले, "हे काय, मुरमं आलीयत का वाक्याला?" माझी आई आबांच्या आधी उठते, हे वाक्य शंभरेक पोरांसमोर वाचलं गेलं आणि त्यावर हसं झालं. मला रडू आलं नाही. मला तो पेपर त्यांच्या हातातून ओढून घ्यावासा वाटला. निबंधाला शून्य होतं. शून्यामुळे एकूण नापास. खाली लाल शाईत लिहिलं होतं, हा निबंध नाही. आणि संपूर्ण पानावर एकाही शब्दाखाली लाल रेघ नव्हती. हे मी तेव्हाही पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. चूक नव्हतीच. ज्याच्या लिखाणात रेघ मारायलाही चूक सापडत नाही त्याला वर्गाबाहेर काढायचं कसं, तर हसून.

पालकांना बोलावणं आलं. आबांची पाळी होती, शिवाय त्यांना कळलं तर विषय तिथेच संपला असता. म्हणून माय निघाली. गावाहून आणलेली लग्नातली साडी नेसली, कपाळभर कुंकू लावलं, आणि बसमध्ये सगळा वेळ पदर धरून बसली. वाटेत उतरून मी बागवान बाईंना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पर्स उचलली आणि भावाला म्हणाल्या, "भाईजान, जरा कॉलेजात जाऊन येते. येईन तासाभरात." अशा आम्ही तिघी सरांसमोर जाऊन उभ्या राहिलो. खुर्च्या होत्या. बसा कोणी म्हटलं नाही. बाईच बसल्या आणि मायला हात धरून शेजारी बसवलं.

सर आधी बाईंशीच इंग्रजीत बोलायला लागले. मग बाईंनी आपलं नाव सांगितलं आणि शुद्ध, खणखणीत मराठीत आपण हिच्या शिक्षिका आहोत म्हणाल्या. सर थबकले. कौतुकाने म्हणाले, "अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे हो!"

"आपलंही बरं आहे," बाई म्हणाल्या. "आता पेपर दाखवा."

पेपर समोर आला. बाईंनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मध्ये एकदा त्यांच्या कपाळाला आठी पडली. "या तीन बाजूंचा त्रिकोण होतो, हे कुठे दाखवलंस?" त्यांनी मला विचारलं. "नुसतं काढलं म्हणून होत नाही." मग त्या सरांकडे वळल्या. "ही चूक माझी. तिला मी शिकवलंय, हे राहून गेलं. आता इंग्रजीची चूक तुम्ही दाखवा."

"इंग्रजीची चूक नाहीये हो," सर म्हणाले, "पण हा निबंध नाही. असं कोणी लिहितं का? फॉरमॅट असतो." आणि त्यांनी टेबलाच्या खणातून एक गाइड काढलं, पान उघडलं आणि आमच्यासमोर सरकवलं. त्यात तयार निबंध होता, माझं कुटुंब. "हे पाठ करून लिहिलं असतं तरी हिला सात मार्क दिले असते मी."

माय पुढे सरकली. तिने बाईंच्या हाताला हात लावला. "काय लिव्हलंय त्याच्यात? मला समजून सांगा की बाई."

बाईंनी गाइडमधलं वाचलं आणि मराठीत सांगितलं. माझे वडील कुटुंबप्रमुख आहेत. ते खूप कष्ट करतात. माझी आई गृहिणी आहे. ती काम करत नाही. ती आमच्यावर प्रेम करते.

"काम करत न्हाई," माय म्हणाली. नुसतं तेवढंच म्हणाली, जणू शब्दाचं वजन बघत होती. "अन् आमच्या गोदीनं काय लिव्हलंय?"

बाईंनी माझा पेपर घेतला. मला वाटलं, त्या थोडक्यात सांगतील. त्यांनी एकेक ओळ सांगितली, कंसातल्या कारणांसकट. तू त्यांच्या आधी उठतेस. तू त्यांच्यानंतर झोपतेस. तुझी सकाळ अधिक तुझी संध्याकाळ, ती त्यांच्या पाळीपेक्षा जास्त. म्हणून तुझं काम त्यांच्यापेक्षा जास्त. सिद्ध झालं. मी मायकडे बघायचं धाडस करत नव्हते. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणून ती सगळ्यांसमोर मला बोलेल, अशी माझी खात्री होती. मायने तो त्रिकोण स्वतःकडे सरकवला. मग तिने एका बाजूवर बोट ठेवलं, दुसऱ्या बाजूवर ठेवलं आणि विचारलं, "ही सकाळ. ही सांज. अन् दुपार कुटं गेली?"

कोणालाच काही कळलं नाही. मला तर नाहीच.

"तुम्ही पोरं शाळंला, ह्ये कामावर, मंग म्या काय खाटंवर पडून ऱ्हाते व्हय?" माय माझ्याकडे वळून म्हणाली. "मळ्यात जाते की. कोथमिरीच्या, मेथीच्या जुड्या बांधाया. संध्याकाळी बाजारात जात्यात त्या. तुझा बसचा पास कशातून निघतो, असं वाटलं तुला?"

मला काहीच वाटलं नव्हतं. घरात रोज मेथी असायची, मायच्या हातांना कोथिंबिरीचा वास यायचा, आणि मी, कारणाशिवाय एक ओळ पुढे न जाणारी मुलगी, त्याचं कारण कधी विचारलं नव्हतं. आबांनाही माहीत नव्हतं. बायकोने दुसऱ्याच्या मळ्यात जाऊ नये, एवढ्याचसाठी ते गाव सोडून आले होते असं ते अभिमानाने सांगत.

"मग हा त्रिकोण नाहीच," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "चार बाजू आहेत. आकृती बदलावी लागेल."

सरांनी घड्याळ बघितलं. आम्ही तिघींनी तिथून जावं असं त्यांना झालं होतं. त्यांनी लाल पेन उघडलं, शून्य खोडलं आणि वर पासिंगपुरता आकडा लिहिला. "ठीक आहे. लेडीज आल्यात एवढ्या लांबून, म्हणून देतो."

"उपकार नकोत," बाई म्हणाल्या. "मार्क का दिले ते पुढे लिहा. कंसात."

त्यांनी लिहिलं नाही. पेपर घडी घालून माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या पालकांना आत बोलावलं. माझी सायन्सची जागा राहिली. ज्या कारणाने राहायला हवी होती त्या कारणाने राहिली नाही. ते मार्क माझे होते, ते मला भीक म्हणून मिळाले, आणि याचा संताप मी आजही कमी करायला तयार नाही. माझ्यासमोर मुलाखतीला एखादी लातूरची, यवतमाळची मुलगी बसते. प्रश्नाचं उत्तर अचूक देते, पण अडखळत देते, आणि माझा शेजारचा सहकारी कागदावर 'कम्युनिकेशन वीक' असं लिहायला लागतो. तेव्हा मी त्याला म्हणते, कंसात कारण लिही. त्याला वाटतं, मॅडम विक्षिप्त आहेत. असू देत.

त्या दिवशी परतीच्या बसने मी आणि माय मांजरीला उतरलो. घरी आल्यावर तिने साडी बदलली, घडी घालून ट्रंकेत ठेवली आणि चूल पेटवली. मळ्यातला तिचा दिवस बुडाला होता. आबा आले, हातपाय धुतले, भिंतीला टेकले. भाऊ जेवायला बसले. पिठलं होतं, भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी होती. आबांनी पहिला घास घेतला, पोटरी दाबत पाय लांब केला आणि सवयीने म्हणाले, "कमावणारा एक अन् खाणारी पाच."

मायचा हात परातीत थांबला. तव्यावर भाकरी होती, ती तिने उलटली नाही. "गोदे," ती म्हणाली, "तो पेपर आण. तुझ्या बापाला वाचून दाखव."

मी तिच्याकडे बघितलं. ती चुलीकडेच बघत होती. मी उठले, दप्तरातून पेपर काढला आणि उभ्याउभ्या मराठीत सांगत गेले. वडिलांची एक पाळी. आईची सकाळ, आईची संध्याकाळ. दोन बाजूंची बेरीज. मी 'सिद्ध झालं' म्हटलं आणि आबा हसले. वाईट हेतूने नाही हसले. पोरगी शिकली, काहीतरी गमतीचं लिहिते, असं ते कौतुकाचं हसू होतं. भाऊही त्यांच्याकडे बघून हसायला लागले. पण मला तो वर्ग आठवला, डोकी टेकवून हसणारा. त्या सरांत आणि माझ्या बापात मला त्या क्षणी काहीही फरक दिसेना, आणि त्याचं मला इतकं वाईट वाटलं की मी पेपरची घडी घालायला लागले.

भाकरी करपल्याचा वास आला. मायने ती उचलून बाजूला टाकली आणि पहिल्यांदाच चुलीकडे पाठ करून आबांच्या समोर बसली.

"परत वाच," ती मला म्हणाली. "अन् दुपार घाल त्याच्यात."

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. मळा, मेथी, कोथिंबीर, जुड्या, आणि माझा बसचा पास. या वेळी आबा हसले नाहीत.